दाराची उजवी फळी

१९७२ च्या फेब्रुवारीत बोरखेडीचे सुतार निताई मंडल यांना वाशीमच्या तहसील कचेरीतून नोटीस मिळाली. आपण २५ मार्च १९७१ नंतर भारतात आल्याचे दिसते. तसे नसल्यास पंधरा दिवसांत पुरावा सादर करावा. न केल्यास परत पाठविण्यासाठी कुटुंबासह ताब्यात घेण्यात येईल, असा तिचा मजकूर होता. त्या तारखेनंतर आलेल्या निर्वासितांना बांगलादेशात परत पाठवायचे ठरले होते. कुटुंबात चार माणसे होती. निताई, त्यांची पत्नी कमला, पाच वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. दोन्ही मुले बोरखेडीत जन्मलेली होती. नोटिशीला वर्तमानपत्राचे एक कात्रण जोडले होते. बातमी माझी होती.

मी त्या काळात एका दैनिकाचा वाशीम तालुक्याचा वार्ताहर होतो. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. बातमी हाताने लिहायची, खाली कार्बन ठेवायचा, वरची प्रत लिफाफ्यात घालून दुपारच्या एसटीच्या वाहकाकडे द्यायची आणि कार्बनची प्रत आपल्याजवळ ठेवायची, असा रोजचा क्रम होता. अकोल्याच्या स्थानकावर कार्यालयाचा शिपाई लिफाफा उतरवून घेई. पुढे काय छापून येते ते दुसऱ्या दिवशी वाचकांबरोबरच मलाही कळे.

बाहेरच्यांना एक गोष्ट सांगावी लागते. जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो. वाचत बसायला त्याला वेळ नसतो. म्हणून महत्त्वाचे ते पहिल्या वाक्यात आणि गेले तरी चालेल ते शेवटी, असे आम्हाला शिकवलेले असते. मी ते नव्या वार्ताहरांना पुढे पंचवीस वर्षे शिकवले. शिकवताना देत असलेले उदाहरण कुठले, ते मात्र सांगत नसे.

छापलेल्या शब्दाचे वजन मला त्याआधीही एकदा कळले होते. आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या एका निवृत्त शिक्षकांच्या निधनाची बातमी मी पाठवली. वारले होते त्यांचे त्याच नावाचे चुलतभाऊ. आठव्या दिवशी गुरुजी स्वतः माझ्या घरी आले, ओट्यावर बसले आणि पाणी मागितले. म्हणाले, "मी मेलो हे मले पेपरातून समजलं. बायको म्हन्ते, पेपरात आलं म्हन्जे काईतरी असंनच." त्यांचे निवृत्तिवेतन अडले होते. ते जिवंत असल्याचा दाखला मिळवायला दोन महिने लागले. दुरुस्ती आम्ही एका ओळीत छापली. ती कोणी वाचली नाही. तो प्रकार पुढे मी हसत सांगत असे. बोरखेडीचा सांगितला नाही. तो येथे प्रथमच लिहीत आहे.

बोरखेडी हे मालेगाव-वाशीम रस्त्यापासून आत गेलेले गाव. निताई मंडल १९६४ साली पूर्व पाकिस्तानातून निघाले. तिकडे ते होड्या बांधत. रायपूरजवळच्या छावणीत काही महिने काढून, परवानगी न घेता, ते एका ठेकेदाराच्या मजुरांबरोबर बोरखेडीच्या तलावाच्या कामावर आले. छावणी न सांगता सोडली म्हणून तिथल्या यादीतून नाव कटले आणि कागदही तिथेच राहिले. तलाव झाला, मजूर गेले, हे नवरा-बायको राहिले. गावात जागा कोणी दिली नाही. बौद्ध वस्तीतल्या गयाबाईंनी आपल्या घराच्या भिंतीला लागून पडवी काढू दिली. गयाबाई मजुरी करत आणि वस्तीतली बाळंतपणे करत. मंडलांची दोन्ही मुले त्यांच्याच हातची.

होडी बांधणाऱ्या माणसाला बोरखेडीत काम काय, असा प्रश्न गावाला होता. निताईंनी बंडी, म्हणजे बैलगाडी, बांधली. तिच्या तळाच्या फळ्या त्यांनी होडीसारख्या एकात एक बसवल्या. त्या बंडीतून ज्वारीचा दाणा गळत नाही, हे एका हंगामात गावाने पाहिले. गावचा जुना सुतार मुलाकडे अकोल्याला गेल्यावर वखर, तिफण, बंडी असे शेतकऱ्यांचे सगळे काम निताईंकडे आले. पाटलांची बंडीही त्यांनीच बांधली होती.

१९७१ च्या डिसेंबरात बांगलादेश मुक्त झाला, तेव्हा निताईंनी गावात साखर वाटली. ती बातमी मला मालेगावच्या बाजारात कळली. मी बोरखेडीला गेलो नाही. सांगणाऱ्याकडून नाव घेतले आणि चार वाक्ये लिहिली. पहिले वाक्य होते, 'पूर्व पाकिस्तानातील निताई मंडल या सुताराने बोरखेडी येथे घरोघरी साखर वाटली.' चौथे होते, 'ते काही वर्षांपूर्वी निर्वासित म्हणून आले असून येथे स्थायिक आहेत.' त्या दिवशी युद्धाच्या बातम्यांनी पाने भरली होती. चौथे वाक्य कापले गेले. मथळा आला, 'पाकिस्तानी सुताराने साखर वाटली'.

कापणाऱ्याने नियमाप्रमाणे कापले. माणूस कोण आहे हे मी शेवटच्या वाक्यात ठेवले होते. शिवाय त्या वाक्यातही 'काही वर्षांपूर्वी' लिहिले होते. बातमीत 'काही' हा शब्द आला की वार्ताहराने विचारलेले नाही असे समजावे.

ते कात्रण कोणी तरी निनावी अर्जाला जोडून पाठवले. कोणी, ते अखेरपर्यंत कळले नाही.

नोटिशीच्या तिसऱ्या दिवशी मी बोरखेडीला गेलो. वस्तीतल्या विहारासमोर दहा-बारा माणसे बसली होती. गयाबाईंनी मला बसायला सांगितले नाही.

"हे पेपरवाले का?" त्यांनी शामराव गुरुजींना विचारले. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि वस्तीतच राहत.

"होय."

"या बाप्पा. सात वर्षं आमच्या भिंतीले भिंत लावून राह्यला तो मानूस. आमी त्याले निताईभाऊ म्हनो. तुमी एका दिवसात पाकिस्तानी केला. कोन्त्या मशिनीत घालता तुमी मानसाले?"

मी चूक झाल्याचे सांगितले. दुरुस्ती छापायला कळवल्याचेही सांगितले.

"दुरुस्ती काय करता? नोटीस तर येऊन गेली," गयाबाई म्हणाल्या.

निताई तिफणीचा दांडा तासत होते. हातातले काम त्यांनी थांबवले नाही. त्यांची वऱ्हाडी चांगली होती, फक्त 'स' चा 'श' होई. ते म्हणाले, "मी शाखर वाटली ती खुशीनं वाटली, शाहेब. ते शरकार गेलं म्हून. ज्याच्या भेवानं पळालो त्याचंच नाव मले लावलं."

शामराव गुरुजी म्हणाले, "दुसऱ्यानं कागदावर आपलं नाव लिवलं का काय होते, हे आमाले इचारा. छप्पन साली आमी धम्म घेतला. तवापासून आमाले कोन्त्या रकान्यात घालावं, याच्यावर कचेऱ्याइत वाद चालूच हाय. मानूस तोच, रकाना बदलते."

पुराव्याचा विचार सुरू झाला. मुलगी पाच वर्षांची, म्हणजे ती १९६७ मध्ये जन्मली. तिच्या जन्माची नोंद निघाली तर प्रश्नच नव्हता. गावचे जन्म-मृत्यूचे बुक पाटलांकडे असे. पाटलांना बोलावले. सखाराम पाटील पन्नाशीचे, शांत गृहस्थ. बुक बगलेत घेऊनच आले, पण उघडले नाही.

"त्या पोरीची नोंद नाई," ते म्हणाले. "राहून गेली."

"राहून गेली?" गयाबाई उठून उभ्या राहिल्या. "पाटील, मी सोता येऊन सांगतली होती. तुमी चहा पेत होते. म्हने, लिवतो. आता बुक उघडा न दाखवा, आमच्या वस्तीतलं कोन जन्मलं, कोन मेलं, हे त्याच्यात कुटं हाय? तुमच्या बुकात आमी अजून जन्मलोच नाई."

पाटील बुक बगलेतच ठेवून परत गेले. मी वहीत लिहिले, 'नोंद नाही. बुक उघडले नाही.'

मग गुरुजी मला विहाराच्या दाराशी घेऊन गेले. त्या दाराची हकिगत अशी. विहार बांधला तेव्हा गावच्या जुन्या सुताराने तिथले काम घेतले नाही. निताई नुकतेच आले होते. ते स्वतःहून म्हणाले, मी करतो. दोन फळ्यांचा सागवानी दरवाजा त्यांनी केला. तो विहाराच्या उद्घाटनाच्या दिवशी बसवला. उजव्या फळीच्या वरच्या पट्टीवर गुरुजींनी खडूने अक्षरे काढून दिली आणि निताईंनी ती कोरली, कारण त्यांना तेव्हा मराठी लिहिता येत नव्हते. मजकूर दोन ओळींचा होता. मी तो वहीत उतरवून घेतला, अर्थ विचारला नाही. कचेरीचे कारकून चौकशीला येतील तेव्हा हे दार दाखवायचे, असे ठरले.

चार दिवसांनी कारकून आले. दार पाहिले, उतरवून घेतले, पंचांच्या सह्या घेतल्या आणि गेले. वस्तीला वाटले, काम झाले.

दुसऱ्या आठवड्यात मी नेहमीप्रमाणे कचेरीत गेलो. वार्ताहराने रोज एक चक्कर कचेरीत मारायची, पंख्याखाली बसायचे आणि कोणता कागद कोणत्या टेबलावर गेला ते पाहायचे, ही आमची खरी नोकरी. मंडल प्रकरणाचा कागद टेबलावर होता. कारकुनांनी तो वाचू दिला. निष्कर्ष असा होता: विहाराच्या दारावर 'बुधवार दि. २५/१०, निताई सुतार' असा मजकूर कोरलेला आढळला; वर्ष नमूद नाही; वर्तमानपत्रातील बातमी डिसेंबर १९७१ ची असल्याने हे काम ऑक्टोबर १९७१ मधील दिसते; सबब सदर इसम २५ मार्च १९७१ नंतर आल्याच्या म्हणण्यास पुष्टी मिळते.

जो पुरावा निताईंना वाचवणार होता, तो त्यांच्या विरुद्ध गेला होता. अंतिम सुनावणीला सहा दिवस राहिले होते.

मी माझी वही उघडली. माझ्या अक्षरात लिहिले होते, 'बु. २५-१०. निताई सुतार.' कारकुनांनी जे वाचले तेच मी वाचले होते.

बातमीत तारीख आणि वार दोन्ही असले की ते जुळतात की नाही हे कॅलेंडरवर पाहायचे, अशी सवय लावलेली असते. मी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरांत १९७१ चे शोधले. २५ ऑक्टोबरला सोमवार होता.

त्याच दुपारी बोरखेडीला गेलो. गुरुजी शाळेतून येत होते. रस्त्यातच विचारले, त्या बुधवारी नेमके काय होते?

"कोन्ता बुधवार?"

"दारावरचा. बु. पंचवीस-दहा."

गुरुजींनी सायकल उभी केली. ते हसू लागले. ते हसणे मला बराच काळ बोचत राहिले.

"बुधवार नाई हो भाऊ. बुद्ध! बु. म्हन्जे बुद्ध. पंचवीस-दहा नाई, पंचवीसशे दहा. आमचं साल हाय ते."

"म्हणजे आपले कोणते साल?"

"छप्पन साली धम्म घेतला तवा पंचवीसशे होतं. त्याच्यात दहा मिळवा. वस्तीतलं लेकरू सांगन."

१९६६. दार १९६६ सालचे होते. मी त्या वस्तीपासून पाच कोसांवर राहत होतो, तिथल्या प्रत्येक सभेची बातमी दिली होती आणि तिथले साल मला माहीत नव्हते.

हे सुनावणीत नुसते सांगून चालणार नव्हते. एका तोंडची बातमी आम्ही देत नसू. दुसरे सूत्र लागे. उद्घाटनाची पत्रके काढली होती का, असे मी गुरुजींना विचारले. काढली होती, पण गावात एकही उरले नव्हते. ती वाशीमच्या एका छापखान्यात छापली होती. तिथले म्हातारे कंपोझिटर छापलेल्या प्रत्येक पत्रकाची एक प्रत तारेत ओवून ठेवत. लग्नपत्रिका, सर्कशीच्या जाहिराती, हरवल्याच्या सूचना असे गठ्ठे पोटमाळ्यावर होते. दोन दिवस ते आणि मी तारा उलगडत बसलो. दुसऱ्या दिवशी पत्रक सापडले. कोपरा उंदरांनी खाल्लेला होता, मजकूर शाबूत होता. 'विहार उद्घाटन, वैशाख पौर्णिमा, बुद्ध वर्ष २५१०, सन १९६६, मौजे बोरखेडी.'

सुनावणीच्या सकाळी अकराच्या सुमारास बोरखेडीच्या तीन बंड्या कचेरीच्या आवारात आल्या. पहिलीत गयाबाई, गुरुजी आणि मंडल कुटुंब होते. दुसरीत वस्तीतली माणसे. तिसरी पाटलांची होती. पाटील स्वतः हाकत आले होते आणि मागे गावातले चार शेतकरी बसले होते. ते येणार असल्याचे वस्तीला माहीत नव्हते.

पहिल्या बंडीत तरटात गुंडाळलेली एक मोठी वस्तू होती. चौघांनी ती उचलून आत आणली आणि तहसीलदारांच्या टेबलाला टेकवून उभी केली. तरट काढले. विहाराच्या दाराची उजवी फळी होती. बिजागऱ्या तिला तशाच लोंबत होत्या.

"हे काय आणले?" तहसीलदारांनी विचारले.

"कागद नाई म्हन्ता न साहेब," गयाबाई म्हणाल्या. "हे घ्या लाकूड. वाचा. टिंब कुटं हाय, रेघ कुटं हाय, बोटानं चाचपून पाहा. पंचवीस न दहाच्या मंधात सुई मावनार नाई."

तहसीलदार उठले. त्यांनी खरोखर बोट फिरवले. चार आकडे सलग होते; मधली रेघ वहीत मी घातली होती. गुरुजींनी साल समजावून सांगितले, मी पत्रक पुढे ठेवले. कारकुनांनी ते दोनदा वाचले आणि परत दिले. माझ्या बातमीची कार्बन प्रतही मी दिली. तहसीलदारांनी चौथे वाक्य मोठ्याने वाचले आणि माझ्याकडे पाहिले.

"काही वर्षांपूर्वी. काही म्हणजे किती?"

"विचारले नव्हते," मी सांगितले. ते त्यांनी लिहून घेतले.

मग त्यांनी विचारले, मुलगी पाच वर्षांची आहे तर जन्माची नोंद का नाही? पाटील पुढे आले.

"नोंदीचं काम माझ्याकडं होतं साहेब. म्या केली नाई. या बाईनं येऊन सांगतलं होतं. पोरगी सदुसष्ट साली जन्मली. म्या डोळ्यानं पाह्यली हाय."

"एकच नोंद राहिली का?"

पाटलांनी बुक टेबलावर ठेवले. "नाई. त्या वस्तीतल्या बऱ्याच राह्यल्या."

"हे लेखी देता? तुमच्यावर कारवाई होईल."

"लिवा," पाटील म्हणाले.

चारही शेतकऱ्यांनी जबाब दिले. कोणाची तिफण कोणत्या साली केली, कोणाची बंडी कोणत्या लग्नाच्या आधी बांधली, एवढेच प्रत्येकाने सांगितले. शेवटी निताईंना विचारले, तुम्हाला काही सांगायचे आहे काय? ते म्हणाले, "फळी शांभाळून ठेवा शाहेब. वल लागू देऊ नका."

प्रकरण अकोल्याला गेले. जून १९७२ मध्ये तिकडून आदेश आला: निताई मंडल २५ मार्च १९७१ पूर्वीपासून बोरखेडीत राहत असल्याचे सिद्ध होते; नोटीस रद्द; त्यांना येथे राहण्यास हरकत नाही.

मी बातमी पाठवली. पहिले वाक्य होते, 'बोरखेडीचे रहिवासी निताई मंडल यांच्यावरील नोटीस रद्द झाली आहे.' बातमी पाच वाक्यांची होती. तीन छापली गेली. आधीच्या बातमीची दुरुस्ती कधीच छापली गेली नाही. मी चार वेळा कळवले होते.

सखाराम पाटलांना लेखी ताकीद मिळाली. ती यायच्या आधीच ते बुक घेऊन वस्तीत गेले होते. गयाबाईंच्या ओट्यावर दोन दिवस बसून त्यांनी राहिलेल्या नोंदी लिहून घेतल्या. गयाबाई आठवून सांगत आणि पाटील लिहीत. मी दुसऱ्या दिवशी तिथे होतो. एका नावाशी पाटील अडले आणि म्हणाले, "गयाबाई, जरा हळू सांगा."

"पाच वर्षं थांबलो पाटील, आता तुमी हात चालवा," गयाबाई म्हणाल्या आणि आत चहा ठेवायला गेल्या.

फळी मात्र कचेरीत अडकली. ती पुरावा म्हणून दाखल झाली होती. अभिलेख कक्षात भिंतीला उभी होती, मुद्देमालाच्या यादीत तिला क्रमांक होता. परत मिळावी म्हणून गुरुजींनी अर्ज केला. अर्ज कोणत्या शाखेचा यावर काही महिने गेले. विहाराला तेवढा काळ अर्धेच दार होते, उजव्या बाजूला तरट. निताई दुसरी फळी करून द्यायला तयार होते. वस्तीने नको म्हटले. मी कचेरीच्या रोजच्या चकरेत अभिलेख कक्षात डोकावत असे. फळीला ओल लागली नव्हती.

१९७३ च्या वैशाख पौर्णिमेच्या दोन दिवस आधी फळी परत देण्याचा हुकूम झाला. निताई बंडी घेऊन आले. कारकुनांनी पावती पुढे केली. निताईंनी ती वाचली आणि मराठीत सही केली. सहीखाली नाव आणि पत्ता कारकुनांनी आपल्या हाताने लिहिला: निताई मंडल, सुतार, रा. बोरखेडी.